खारें पाणी, गोडें पाणी आणि नौकेचें यंत्र

श्रोतेहो, नरखेड तालुक्यांतील माणसानें समुद्राविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कोणास थोडें विचित्र वाटेल. आमच्या पश्चिमेस वर्धा नदी वाहते, मुलूख संत्र्यांच्या बागांचा, आणि समुद्र येथून शेंकडों मैल दूर. परंतु खारें पाणी काय करतें, याची कल्पना आम्हां इकडील लोकांस अगदींच नाहीं, असें नव्हे. शेजारच्या अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णा नदीच्या खोऱ्यांत खारपाण पट्टा म्हणून ओळखला जाणारा मोठा प्रदेश पसरला आहे. तेथें जमिनीखालचें पाणी इतकें खारट कीं, दारांत विहीर असूनहि पिण्याच्या पाण्यासाठीं दुसरीकडे पाहावें लागतें. जमिनीच्या पोटांतील क्षार जर एवढें करूं शकतो, तर समुद्राच्या पाण्यांत रात्रंदिवस उभ्या असलेल्या नौकेचें काय होत असेल?

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. किनाऱ्याजवळ बांधून ठेवलेल्या होडीच्या इंजिनांतून खारें पाणी धुऊन काढण्याची एक लहानशी रीत आहे. तिला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. परंतु तिच्या मागें कित्येक शतकांचा अनुभव उभा आहे, आणि तो एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगत आला आहे. ती अशी कीं, समुद्राच्या मिठाला एकदांच जिंकून मोकळें होतां येत नाहीं. त्याचा हिशेब रोजच्या रोज चुकता करावा लागतो.

प्रथम मिठाचें बळ केवढें तें पाहूं. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात, आणि त्यांतील बहुतेक भाग आपल्या स्वयंपाकघरांतील मिठाचाच असतो. १५ लिटरांची बादली समुद्रांत बुडवून वर काढली, तर तिच्याबरोबर सुमारें अर्धा किलो क्षार वर येतो. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु एवढ्या दोन वस्तु पुरतात. परंतु पाण्यांत मीठ असलें म्हणजे त्यांतून विद्युत्प्रवाह सहज वाहूं लागतो व गंजण्याची क्रिया फार वेगानें होते. दोन निरनिराळे धातु एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत राहिले, तर जणूं एक लहानशी बॅटरीच तयार होते, आणि दोहोंपैकीं एक धातु झिजूं लागतो. जें मीठ मासळीला महिनोन्‌महिने टिकवितें, तेंच धातूला खातें. शिवाय पाणी वाळून गेलें तरी मीठ जात नाहीं. तें खड्यांच्या रूपानें मागें उरतें, हवेंतील ओल शोषून घेतें आणि आपलें काम पुन्हां सुरू करतें. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

लांकडी जहाजांच्या काळीं गंजण्याचें भय मुख्यतः खिळ्यांपुरतें होतें. खरा शत्रु निराळाच होता. उष्ण समुद्रांत लांकूड पोखरणारा एक प्राणी असतो. त्याला जहाजाचा किडा म्हणत असले, तरी तो शिंपल्याच्या जातीचा आहे. तो फळीच्या आंत शिरून असे बोगदे पाडतो कीं, बाहेरून धड दिसणारी फळी आंतून चाळणीसारखी झालेली असते. कोलंबसाच्या चौथ्या सफरींत १५०३ सालीं त्याचीं उरलेलीं दोन जहाजें या प्राण्यानें इतकीं पोखरलीं कीं, तीं जमेकाच्या किनाऱ्यावर चढवून सोडून द्यावीं लागलीं, आणि दर्यावर विजय मिळविणारा तो पुरुष त्या बेटावर एक वर्ष अडकून पडला.

या किड्याला गोडें पाणी सोसत नाहीं. म्हणून जुने दर्यावर्दी संधि मिळाली कीं आपलें जहाज नदीच्या मुखांतून वर, गोड्या पाण्यांत नेऊन कांहीं काळ उभें करीत. खाऱ्या पाण्याचा दोष गोड्या पाण्यानें काढावा, ही युक्ति अशी इंजिनाहून किती तरी जुनी आहे. आपल्या कोंकणांत दुसरा उपाय रूढ होता. पावसाळा आला कीं होड्या वाळूवर ओढून घ्यावयाच्या, वर झावळ्यांचें छप्पर घालावयाचें, तळ खरवडून वाळवावयाचा, त्यास चुना व तेल यांचा लेप द्यावयाचा, आणि नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मग होडी पुन्हां पाण्यांत लोटावयाची. आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीस सरकारी बंदी असते, ती माशांच्या पैदाशीसाठीं. पण त्या दिवसांत नौकेला विसांवा देण्याची रीत कायद्याहून जुनी आहे.

मराठ्यांच्या आरमाराचा इतिहास लिहितांना आपण लढायांचें वर्णन आवडीनें करतों. जहाजें जगविण्याची चिंता मात्र आपल्या नजरेंतून निसटते. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडींत गिर्ये येथें मराठेशाहींतील गोदीचे अवशेष आजहि दिसतात. उघडा समुद्र सोडून खाडीच्या आंत ही जागा निवडलेली आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं आंब्या-फणसाचीं झाडें आरमाराच्या लांकडासाठीं बळजोरीनें तोडूं नयेत, अशी त्यांत ताकीद आहे. लांकूड किती दुर्मिळ होतें आणि बांधलेलें जहाज टिकविणें किती अगत्याचें होतें, हें त्यावरून कळतें. १६६४ सालीं मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं सिंधुदुर्ग बांधावयास घेतला. चारी बाजूंस खारा दर्या असलेल्या त्या किल्ल्यांत दूधबाव, दहीबाव व साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. गोड्या पाण्याला दूध, दहीं, साखर अशीं नांवें जेथें देतात, तेथें त्याचें मोल काय असेल, हें वेगळें सांगावयास नको.

पुढें मुंबईच्या गोदीला बहर आला. १७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्यानें पिढ्यान्‌पिढ्या तेथें जहाजें बांधलीं. विलायतेंत जहाजें ओकच्या लांकडाचीं होत. त्या लांकडांतील आम्ल लोखंडी खिळ्यांस खातें. आपल्या सागवानांत उलट एक प्रकारचें तेल असतें, आणि तें खिळ्यांचें रक्षण करतें. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं मुंबईंत पाण्यांत सोडलेलें 'त्रिंकोमाली' नांवाचें लढाऊ जहाज इंग्लंडमध्यें हार्टलपूल येथें जतन केलेलें असून तें आजहि पाण्यावर तरंगत आहे. सागवान चांगला, कारागीर त्याहून चांगले. पण दोनशें वर्षें तें टिकलें त्यांत वेळोवेळीं त्याची दुरुस्ती करणाऱ्या हातांचाहि वांटा आहे.

किड्यावर इंग्रजी आरमारानें तांब्याच्या पत्र्याचा उपाय काढला. १७६१ सालीं 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकून तें वेस्ट इंडीजकडे पाठविलें. दोन वर्षांनीं पाहतात तों किडा नाहीं, शेवाळहि नाहीं. पण तांब्याला लागून असलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेलेले. कांहीं खिळे मात्र शाबूत होते. शोध करतां आढळलें कीं, ज्या ज्या ठिकाणीं पत्र्याबरोबर आलेला जाड कागद काढावयाचा राहून गेला होता, तेथेंच खिळे वांचले होते. कागदामुळें दोन धातूंची गांठ पडली नव्हती. त्या वेळीं विजेचें शास्त्र बाल्यावस्थेंत होतें. तरी जहाजावरील सुतारांस धडा मिळाला कीं, खाऱ्या पाण्यांत तांबें व लोखंड शेजारीं नांदत नाहींत.

याच गुणाचा उलट उपयोग करावा, असें १८२४ सालीं सर हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाच्या मनांत आलें. तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे मुद्दाम जोडले, तर ते स्वतः झिजतात व तांबें वांचतें. हा प्रयोग ज्या जहाजांवर झाला, त्यांत आपल्या कोचीस सागवानाचें बांधलेलें 'समारंग' हें जहाज होतें. तांबें खरोखर वांचलें. पण त्याबरोबर तळाला शिंपले व शेवाळ चिकटूं लागलें. कारण तांबें थोडें थोडें विरघळत होतें, म्हणूनच तें त्या जीवांना विषासारखें होतें. झीज थांबली आणि विषहि थांबलें! डेव्हीचा उपाय आरमारानें सोडून दिला, परंतु त्याचें तत्त्व नष्ट झालें नाहीं. आज लहानमोठ्या प्रत्येक सागरी इंजिनाला जस्ताचा किंवा तशाच दुसऱ्या धातूचा एक तुकडा लावलेला असतो. तो स्वतः झिजून इंजिनाला वांचवितो. त्याला रंग फांसावयाचा नसतो, आणि अर्धाअधिक झिजला कीं तो बदलावयाचा असतो.

आतां वाफेच्या युगाकडे वळूं. मुंबईच्या गोदींत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च १८३० रोजीं मुंबईहून निघाली आणि सुमारें महिन्याभरानें सुवेझला पोंचली. या सफरीचें महत्त्व डाकेच्या इतिहासांत मोठें आहे. परंतु त्या काळच्या आगबोटींच्या पोटांत काय चाललेलें असे, तेंहि पाहण्यासारखें आहे. त्यांचे बॉयलर समुद्राच्याच पाण्यावर चालत. पाण्याची वाफ होऊन जाई आणि मीठ मागें राही. त्यामुळें बॉयलरांतील पाणी अधिकाधिक खारट होई व पत्र्यांवर पापुद्रा चढे. पापुद्र्याखालील पत्रा जळून फुटण्याचें भय असे. म्हणून ठराविक वेळानें बॉयलरांतील दाट खारें पाणी बाहेर सोडून नवें घ्यावें लागे, आणि बंदरांत पोंचल्यावर माणसांनीं आंत उतरून पापुद्रे खरवडावे लागत. श्रोत्यांच्या घरीं चहाच्या किटलींत पांढरा थर धरतो, त्याचेंच हें विराट रूप समजावें. आमच्या नरखेडवरून नागपूर-इटारसी मार्गावर वाफेचीं इंजिनें धांवत असत तेव्हां त्यांचेहि बॉयलर शेडमध्यें नेऊन वेळोवेळीं धुवावे लागत. आणि तेथें तर पाणी गोडें होतें.

१८३४ सालीं सॅम्युएल हॉल यानें एक निराळी योजना पेटंट केली. वाफ बारीक नळ्यांतून न्यावयाची, बाहेरून समुद्राच्या पाण्यानें त्या नळ्या थंड करावयाच्या, आणि आंत जमलेलें गोडें पाणी पुन्हां बॉयलरांत सोडावयाचें. खाऱ्या व गोड्या पाण्यामध्यें भिंत घालावी, हें त्या योजनेचें मर्म. पुढें मोठ्या जहाजांनीं हेंच तत्त्व स्वीकारलें. परंतु ही भिंत वजनदार व खर्चाची असते. मोठ्या जहाजाला ती परवडते, लहान होडीला परवडत नाहीं.

येथून आपण आजच्या यंत्राकडे येतों. होडीच्या पिछाडीला बाहेरून अडकवावयाचें जें इंजिन, ज्यास आपले लोकहि आउटबोर्डच म्हणतात, त्याचा जन्मवृत्तांत मौजेचा आहे. १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रुव्हे या फ्रेंच गृहस्थानें विजेवर चालणारें असें यंत्र पॅरिसच्या सेन नदींत चालवून पाहिलें. १९०५ सालीं अमेरिकेंत कॅमेरॉन वॉटरमन यानें पेट्रोलचें यंत्र डेट्रॉईट नदींत चालविलें. ओले एव्हिनरूड हा नॉर्वेंत जन्मलेला कारागीर विस्कॉन्सिन प्रांतांतील सरोवरांच्या प्रदेशांत वाढला होता. १९०९ पासून त्यानें विकावयास काढलेलें दीड अश्वशक्तीचें, सुमारें २८ किलो वजनाचें इंजिन जगभर प्रसिद्ध झालें. एक नदी, दुसरी नदी आणि एक सरोवरांचा प्रांत! तिन्ही ठिकाणचें पाणी गोडें. ज्या यंत्राला पुढें समुद्रावर राबावयाचें होतें, त्याच्या बाळपणीं मिठाचा संबंधच नव्हता.

त्याची रचनाहि तशीच राहिली आहे. इंजिन हलकें असावें म्हणून त्याला हॉलच्या योजनेसारखी गोड्या-खाऱ्याची भिंत सहसा नसते. खालच्या तोंडानें तें भोंवतालचें पाणी ओढून घेतें, रबरी पात्यांचा एक लहान पंखा तें पाणी वर चढवितो, तें तापलेल्या भागांभोंवतीं अरुंद वाटांतून फिरतें आणि बाहेर पडतें. इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सुटत असते, ती याची खूण. समुद्रांत हेंच पाणी खारें. इंजिन बंद केलें कीं फिरणारें पाणी थांबतें, तापलेल्या भिंतींवर तें वाळतें आणि मिठाचे खडे त्या अरुंद वाटांत जमूं लागतात. आज थोडे, उद्यां थोडे. एके दिवशीं वाट बुजते, इंजिन तापतें आणि भर दर्यांत बंद पडतें. त्याच्या अंगाचा बहुतेक भाग ॲल्युमिनियमचा असतो, आणि खाऱ्या पाण्यानें त्यालाहि बारीक बारीक खळगे पडतात.

यावर उपाय एकच, मीठ वाळण्यापूर्वीं तें धुऊन काढणें. होडी किनाऱ्यावर ओढलेली असेल तर काम सोपें. नळाची रबरी नळी जोडली कीं झालें. परंतु जी होडी पाण्यांतच बांधून ठेवलेली असते, तिच्याजवळ नळ कोठला? आणि इंजिनाचें तोंड तर खाऱ्या पाण्यांत. अशा वेळीं काय करतात तें सांगतों. होडी बांधून झाली कीं इंजिन बंद करून वर उचलावें, म्हणजे त्याचें खालचें अंग समुद्राबाहेर येतें. पुष्कळ नव्या इंजिनांना धुण्यासाठीं स्वतंत्र तोंड ठेवलेलें असतें. होडींतून डब्यांत आणलेलें गोडें पाणी लहान पंपानें त्या तोंडांतून आंत सोडावें. हें काम सहसा इंजिन बंद ठेवूनच करावयाचें असतें. जेथें असें तोंड नाहीं, तेथें इंजिनाच्या खालच्या अंगाला जाड कापडाची किंवा रबराची पिशवी बांधून ती गोड्या पाण्यानें भरतात आणि त्या पाण्यांत इंजिन मंद गतीनें कांहीं मिनिटें चालवितात. इंजिन थोडें गरम असतांना धुणें चांगलें, कारण पुष्कळ इंजिनांत गरम झाल्यावरच उघडणारी एक झडप असते. ती मिटलेली असली, तर पाणी सगळीकडे पोंचत नाहीं. मात्र पाण्यावांचून इंजिन क्षणभरहि चालवूं नये. तो रबरी पंखा कोरडा फिरला कीं लवकरच जळतो. प्रत्येक इंजिनाची रीत थोडी निराळी असते, म्हणून त्याबरोबर आलेली पुस्तिका हाच शेवटचा गुरु. धुऊन झाल्यावर इंजिन वर उचललेलेंच ठेवावें, बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानें पुसावें आणि जस्ताच्या तुकड्याकडे एक नजर टाकावी.

एवढें साधें काम लोक कां टाळतात? आळस हें उत्तर सोपें आहे, पण तें न्यायाचें नाहीं. दिवसभर जाळें ओढून थकलेला कोळी सांजवेळीं परततो, तेव्हां मासळी खराब होण्यापूर्वीं ती उतरविण्याची त्याला घाई असते. शिवाय किनाऱ्यावरील पुष्कळ वस्त्यांत उन्हाळ्याच्या अखेरीस घरच्या घागरीच मोठ्या कष्टानें भरतात. ज्या घरीं बायका डोक्यावर पाणी आणतात, त्या घरच्या माणसाला इंजिनासाठीं एक डबा गोडें पाणी मागतांना संकोच वाटणारच. म्हणून हा प्रश्न नुसता यंत्रविद्येचा नाहीं, घरसंसाराचाहि आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, कर्ज काढून घेतलेलें इंजिन त्या घरची दुभती गाय आहे, आणि गाईच्या वांट्याचें पाणी शेतकरी अवर्षणांतहि बाजूला काढतो. हें पाणी पिण्याइतकें शुद्ध असावयास नको. त्यांत मीठ व गाळ नसला म्हणजे पुरे.

आतां आपण विचाराल कीं, नरखेडच्या माणसाला याचें काय? ३० जुलै १९९१ रोजीं वर्धेच्या महापुरानें आमच्या तालुक्यांतील मोवाड गांव उद्ध्वस्त केलें. दोनशेंहून अधिक माणसें एका पुरांत गेलीं, आणि गांव पुढें नव्या जागीं वसवावें लागलें. समुद्रापासून दूर असलेल्या मुलखालाहि होडीची गरज कधीं पडेल तें सांगतां येत नाहीं, हें त्या दिवसानें शिकविलें. २००६ सालीं राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल स्थापन झालें. त्याच्या रबरी होड्यांना हींच बाहेरून लावावयाचीं इंजिनें असतात. आमच्या नद्यांत मीठ नाहीं. पण पुराच्या पाण्यांत गाळ व रेती पुष्कळ असते, आणि तीहि त्याच अरुंद वाटांत जाऊन बसते. पूर ओसरला, होडी गोदामांत गेली आणि इंजिन न धुतां तसेंच राहिलें, तर पुढच्या वर्षीं छपरावर बसलेलीं माणसें हांका मारीत असतांना दोरी ओढणाऱ्याचा हात थकेल आणि इंजिन सुरू होणार नाहीं. तें ज्या दिवशीं धुतलें गेलें नाहीं, त्या दिवसाची किंमत असा कोणी तरी दुसराच माणूस देतो.

इतिहासाच्या पुस्तकांत डेव्ही, हॉल व एव्हिनरूड यांचीं नांवें आहेत, आणि तीं असावींतच. पण फळ्या खरवडणारे, बॉयलरांत उतरणारे आणि संध्याकाळीं डब्याभर पाण्यानें इंजिन धुणारे हात कोठें नोंदले गेले नाहींत. नौका तरल्या त्या दोघांमुळें. आपल्यापैकीं ज्यांचे आप्तेष्ट कोंकणांत आहेत, किंवा ज्यांच्या नगरपालिकेजवळ पुरासाठीं ठेवलेली होडी आहे, त्यांनीं एकदां सहज विचारून पाहावें कीं, तिचें इंजिन शेवटचें केव्हां धुतलें होतें. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.